वुडवर्डची फेरी : आपली जीटीओ येत्या शनिवारी रस्त्यावर

मंडळी, ऑगस्टचा तिसरा शनिवार आला. म्हणजे वुडवर्ड ड्रीम क्रूझ, वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची फेरी, जी १९९५ पासून डेट्रॉइटच्या उत्तरेला भरते. दोन हिवाळे गराजमध्ये घासलेली आपली १९६७ची पाँटियाक जीटीओ यंदा पहिल्यांदाच निघणार, तीही पाँटियाकच्याच, म्हणजे ही गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या गावाच्या, दिशेने. माहेरीच म्हणा ना!

सकाळी ७ वाजता फर्न्डेलला, नाइन माइल आणि वुडवर्डच्या कोपऱ्यावर भेटू. उशीर केलात तर पार्किंग विसरा.

- चारही चाकांना ड्रम ब्रेक (जुन्या पद्धतीचे) आहेत, गाडी थांबायला वेळ लागतो. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा.
- टायर जाळायचे नाहीत. पोलीस दंड करतात, आणि टायर नवे आहेत.
- गर्दीत ४०० क्युबिक इंचांचं इंजिन तापतं. काटा चढला की बाजूला घ्या. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.
- अग्निशामक नळकांडं गाडीत हवंच. परवा कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचा ओला डाग दिसला, जुनी रबरी नळी चिरली होती. ती बदलली आहे, तरी निघण्यापूर्वी बोट फिरवून बघा.

गाडी कोण किती वेळ चालवणार, ते गुरुवारपर्यंत कळवा. पोरांना बसवायचं असेल तर कमरेचे पट्टे आधी तपासा. डबे आणा, पण चिवडा सीटवर सांडला तर सीट पुसायची जबाबदारी सांडणाऱ्याची!