मायारोचे माड

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोन सारखा तुटत होता, म्हणून राहिलेलं लिहितेय. बाबा, तुम्ही विचारलंत, "तिकडे माड आहेत का गं?" त्रिनिदादच्या पूर्व किनाऱ्यावर मॅन्झानिला सोडलं की मायारोपर्यंत माडच माड. एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला नारिवाची दलदल. या पट्ट्याचं नावच कोकाल. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ माडांची वाडी! नारळ भरलेलं जहाज फुटलं आणि ते किनाऱ्याला लागून रुजले, असं इथे सांगतात.

पण वाडी आता विरळ झालीय. तुमच्या सोंड्या भुंग्याचा इथला भाऊबंद एक सूक्ष्म कृमी माडात नेऊन सोडतो. झावळ्या पिवळ्या पडतात, आणि खोड आडवं कापलं तर आत बांगडीसारखं लाल कडं दिसतं. मग काही महिन्यांत माड खलास. असा माड तोडून नष्ट करायचा, दुसरा इलाज नाही. तुमच्या डांबरगोळ्या आणि वाळू इथे हरतील.

इतिहास थोडक्यात सांगते. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने कॅथलिक परदेशीयांना जमिनी देऊ केल्या, तेव्हा फ्रेंच मळेवाले गुलामांना घेऊन आले. १७९७ मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. गुलामगिरी संपल्यावर १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, आणले, बहुतेक कलकत्त्याहून, भोजपुरी बोलणारे. आपल्याकडचे नव्हेत, तरी घरमालकीणबाई वडिलांच्या आईला 'आजी' म्हणाल्या आणि मी चमकलेच.

आई, ओल्या वाळूत बायका-पोरं 'चिपचिप' उकरतात. नखाएवढे शिंपले, तिसऱ्यांची धाकटी भावंडंच! तू असतीस तर आधी ओलं खोबरं काढलं असतंस. आणि हो, इथेही रापण ओढतात. मीही दोराला हात लावला; मूठभर मासळी मिळाली आणि तळव्यांना फोड आले.

मॅन्झानिलाहून मायारोला येणारा हा किनाऱ्यालगतचा रस्ता मात्र बेभरवशाचा. नोव्हेंबर २०१४ च्या पुरात त्याचा बराच भाग वाहून गेला होता.

काल संध्याकाळी सवयीने चहाचा कप घेऊन सूर्यास्त बघायला पुळणीवर गेले. समुद्र काळोखा होत चालला, सूर्य काही दिसेना. तो माझ्या पाठीमागे, माडांआड बुडत होता. इथे तो समुद्रातून उगवतो, हे रोज पहाटे बघूनही विसरले होते.

पाडेली येऊन गेला का, कळवा. बाबांना माडावर चढू देऊ नकोस.

तुमची लेक