ताई, सगळ्यांसमोर तुमचे आभार

प्रिय ताई,

परवा राज्याचा परवाना आला. आता तुमच्यासारखं माझ्याही नावापुढे ‘पीए-सी’, म्हणजे प्रमाणित फिजिशियन असिस्टंट, असं लागतं. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून टाकते. शिवाय अमेरिकेत नव्याने आलेल्या, हातात भारतातली बी.एस्सी. असलेल्या मुली हल्ली मला तेच विचारतात जे मी तुम्हाला विचारलं होतं: फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या सोबतीने रुग्ण तपासणारी आणि उपचार करणारी व्यक्ती, व्हायला काय लागतं?

तुम्ही तेव्हा अभ्यासक्रमाचं नावही काढलं नव्हतं. ‘आजारी माणसाचं अंग पुसलंयस का कधी?’ एवढंच विचारलंत. मला ते जरा टोचलं होतं. मग ड्यूकची हकिगत सांगितलीत. १९६५ साली डॉ. यूजीन स्टेड यांनी ड्यूक विद्यापीठात हे शिक्षण सुरू केलं, तेव्हा पहिल्या तुकडीत घेतलेले चौघेही नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले होते. म्हणजे रुग्णाजवळ काम केलेलं असणं ही अट नंतर कोणी चिकटवलेली नाही, पेशाचा पायाच तो.

तुमच्यामुळे मी नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण घेतलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने ते किमान ७५ तासांचं, बरीच राज्यं त्याहून जास्त मागतात. त्याच सुमारास डॉक्टरांच्या नोंदी टाइप करायची नोकरी चालून आली होती. बसून काम, कपडे स्वच्छ. तुम्ही अडवलंत. पीएच्या प्रवेश अर्जात दोन निराळे रकाने असतात, एक प्रत्यक्ष रुग्णसेवेचा आणि दुसरा आरोग्यक्षेत्रातल्या इतर अनुभवाचा. नोंदी लिहिण्याचे तास बरेच ठिकाणी दुसऱ्यात जातात, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. कुठे ५०० तासांवर भागतं, कुठे २००० लागतात, आणि प्रवेश मिळालेल्यांकडे बहुधा किमान अटीपेक्षा जास्तच असतात. रात्रपाळीत म्हाताऱ्या माणसांची कूस बदलताना मला तुमचा राग यायचा, हेही सांगून टाकते. पण रुग्ण काही बोलायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायला मी तिथेच शिकले.

विषयांचा घोळ तर तुम्हीच निस्तरलात. भारतातल्या गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं, ते मला माहीत होतं. पण ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, केमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी हे विषय इथल्याच कॉलेजात केलेले हवेत असं अनेक ठिकाणी म्हणतात, आणि काहींना फार जुने गुणही चालत नाहीत. माझी पदवीच मायक्रोबायॉलॉजीची, तरी तो विषय पुन्हा! तुम्ही कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) सुचवलंत, पण तिथले गुण चालतील का हे आधी एकेका संस्थेला ईमेल करून विचारायला लावलंत. लेखी उत्तर आल्याशिवाय फी भरू दिली नाहीत.

आणि माझ्या संस्थांच्या यादीतली दोन नावं तुम्ही सरळ खोडलीत, कारण त्यांना एआरसी-पीएची, म्हणजे पीएचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या मंडळाची, मान्यता नव्हती. मान्यताप्राप्त संस्थेतून बाहेर पडल्याशिवाय ‘पॅन्स’ या पीएच्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेला बसताच येत नाही. परदेशात डॉक्टर असलेल्यांनाही यात सूट नाही. हे वाक्य मी आता विचारणाऱ्या प्रत्येकीला सगळ्यात आधी ऐकवते.

कास्पाच्या, म्हणजे पीए प्रवेशाच्या सामायिक ऑनलाइन अर्जातला निबंध ५००० अक्षरांत बसवायचा असतो. माझ्या पहिल्या खर्ड्यातलं ‘लहानपणापासून सेवेची आवड’ तुम्ही लाल पेनाने उडवलंत आणि शेजारी लिहिलंत, ‘हे सगळेच लिहितात. जे जेवत नव्हते त्या आजोबांचं लिही.’ लिहिलं. इंटरव्ह्यूत सगळे प्रश्न त्या आजोबांवरच आले.

पुढचं शिक्षण साधारण सव्वादोन वर्षांचं, आधी वर्ग आणि मग रोटेशन, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने प्रत्यक्ष काम: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, इमर्जन्सी. त्यात तुमचा संबंध फारसा नव्हता, फक्त रविवारचे फोन. नातेवाईक ‘मग डॉक्टरच का नाही झालीस?’ विचारायचे तेव्हा मात्र तुमचं उत्तर कामी यायचं. तुम्ही सर्जरीतून इमर्जन्सीत गेलात ते नवी रेसिडेन्सी (एका शाखेतलं काही वर्षांचं प्रशिक्षण) न करता. डॉक्टरला ती मुभा सहसा नसते. पॅन्सचे ३०० प्रश्न, साठ-साठचे पाच भाग, यांच्या आदल्या रात्री तुम्ही फोन उचलला नाहीत. ‘झोप’ एवढा मेसेज आला. योग्यच केलंत.

आता तुमचीच फेरपरीक्षा जवळ आलीय, दर दहा वर्षांनी प्रमाणपत्र टिकवावं लागतं ती. तुम्ही दर तिमाहीला २५ प्रश्नांचा मार्ग घेणार म्हणालात. ते प्रश्न सोडवायला बसाल तेव्हा मुलांना माझ्याकडे पाठवा. आणि तुमचा नंबर मागणाऱ्या दोघीजणी आहेत, त्यांना देऊ का, तेवढं कळवा.

तुमची,
धाकटी