नाना, तुम्ही वही माझ्याकडे फिरवलीत

प्रिय नाना,

ग्रामपंचायतीत तुम्ही रोज समोरच्याच टेबलावर सभेची वही घेऊन असता. पण तोंडानं सांगायला गेले की "राहू द्या हो सरपंच" म्हणून विषय मोडता. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय.

1 मेच्या ग्रामसभेत खालच्या आळीच्या बायका रिकामे हंडे घेऊन आल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आठ दिवस तुम्हाला पाणी सोडलं नाही. वॉल्व्ह दुरुस्त करून घेणं माझं काम होतं, मी ते लांबवलं." बायका मला बोलल्या, चांगल्या बोलल्या. घरी येऊन मी रडले, पण त्यांच्या बोलण्यानं नाही. दोन वर्षांपूर्वी हेच मी "पाणी सुटत नाहीये, बघू" असं म्हणून खाली बसले असते, हे आठवून.

सोडत निघाली, सरपंचपद महिलेला आलं, आणि पहिल्याच दिवशी मला एकच धडा मिळाला: "वहिनी, तुम्ही फक्त सही करा." तालुक्याच्या प्रशिक्षणात साहेबांनी पंचायतराजची 73वी घटनादुरुस्ती समजावली, 2011 पासून महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत हे दोनदा सांगितलं. मग जेवणाच्या सुट्टीत बाहेर गाड्यांवर बसलेल्या आमच्या नवऱ्यांना गाठून विचारलं, "काय सरपंच, प्रस्ताव कधी पाठवताय?" ह्यांच्या मोटारसायकलवर तेव्हा लाल अक्षरांत 'सरपंच' रंगवलेलं होतं, म्हणजे साहेबांचाही अगदीच दोष नाही म्हणा.

मग ती तिसरी मासिक सभा. विषय दिवाबत्तीचा. मी नेहमीसारखं म्हणाले, "आमच्या ह्यांना विचारून सांगते." कोणी हसलं नाही, कारण कोणाला त्यात वावगं वाटलंच नाही. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि हळूच विचारलंत, "सरपंच, हे वहीत कसं लिहू? ह्यांचं नाव सदस्यांत नाही."

शेजारच्या सदस्यालाही धड ऐकू गेलं नसेल इतकं हळू. मी अडखळत म्हणाले, "मी माहिती घेते, पुढच्या सभेत सांगते." तुम्ही लिहिलंत आणि वही माझ्याकडे फिरवलीत. 'सरपंच यांनी सांगितले की'. तुमचं टपोरं निळं अक्षर. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, मुलांच्या दाखल्यावर माझं नाव होतं. माझं बोलणं कागदावर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नाना, मी ती ओळ तीनदा वाचली, आणि तुम्ही तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसलात.

त्यानंतर मला माझंच बोलणं ऐकू यायला लागलं. आपल्याकडे पाइप फुटतो, बिल राहतं, दिवा जातो, फाइल अडकते. सगळं आपोआप! फोडणारा, ठेवणारा, अडकवणारा कुणी नाहीच. तुमच्या वहीत मात्र ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, नावानिशी. मी घरातही तसं बोलायला लागले. "भाजी करपली" ऐवजी "मी करपवली". सासूबाईंना वाटलं, सुनेला काहीतरी झालंय.

उगाच मोठेपणा सांगत नाही. शब्द बदलले म्हणून विहिरीला पाणी चढलं नाही, आणि मोटार जळायची ती जळलीच. पण ती जळल्यावर कोणाला फोन करायचा हे मी ह्यांना विचारलं नाही. आमचे हेही आता फोनवर सांगतात, "ती ऑफिसात आहे, तिच्या नंबरवर लावा." गाडीवरचं नाव त्यांनी स्वतः खरवडून काढलं. माणूस वाईट नाहीच, त्यालाही कोणी हळू आवाजात विचारलं नव्हतं इतकंच.

चूक दाखवणारे गावात पैशाला पासरी मिळतात. समोरच्याची लाज राखून दाखवणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजते. आमच्या शाळेतल्या एक बाई तशा होत्या. खडूला हात न लावता फळ्यावरचं चुकलेलं गणित नुसतं बघत राहायच्या, आपणच पुसून पुन्हा मांडायचं. तुम्ही त्या जातकुळीतले.

तुमची,
सरपंच
(हे मी आता न अडखळता लिहिते.)

ता. क. नव्या वॉल्व्हची पावती अजून दप्तरात नाही. "राहिली" म्हणू नका, कोणाकडे आहे ते सांगा.