ग्रुपवर विचारताना

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, हापूस बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलात, फार बरं वाटलं. पण 'मोहोर काळा पडतोय, काय मारू?' एवढंच लिहिलंत तर दहा जण दहा औषधं सांगतील. मोहोर तुडतुडे या किडीने सोडलेल्या चिकट्यावरच्या बुरशीने काळा पडतो, करपा रोगाने पडतो, भुरी रोगानंतरही करपतो. उपाय तिन्हींचे निराळे.

म्हणून आधी मोहोर पांढऱ्या कागदावर झटका. पाचरीसारखे, तिरके पळणारे ते तुडतुडे. धाग्याच्या तुकड्यासारखे बारीक, पिवळसर ते फुलकिडे. पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर भुरी.

फोटो तीन काढा: अख्खी फांदी, एक मोहोर, आणि पान उलटं करून. सकाळच्या उजेडात; मोहोर आणि पानासाठी मोबाईल वीतभर लांब धरून. पाठवण्याआधी वरचं 'एचडी' दाबा. नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि किडा नुसता ठिपका दिसतो.

सोबत लिहा: कलमाचं वय, मोहोराची किंवा फळाची अवस्था (बोंगे, मोहोर, कणी, वाटाणा की सुपारी), गेल्या चार दिवसांत ढग होते का, शेवटची फवारणी कधी, कोणतं औषध, 10 लिटरला किती मिली. ही शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची. एकाच गटातलं औषध परत परत मारलं की किडीला ते चालेनासं होतं. मागचं माहीत नसेल तर सांगणारा नेमकं तेच पुन्हा सुचवतो.

विचारण्याआधी ग्रुपमधल्या 'सर्च'मध्ये 'फुलकिडे' टाका, मग 'थ्रिप्स'. लोक दोन्ही लिहितात. उत्तर देताना त्या माणसाचा मेसेज उजवीकडे सरकवा, म्हणजे कोणाला बोलताय ते कळतं. पालघरचा हंगाम आपल्या मागून येतो, तेव्हा तिकडच्या तारखा जशाच्या तशा घेऊ नका. 'तीन औषधं एकत्र करा' म्हणणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका. प्रमाण डब्यावरचं लेबल आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक पाहूनच ठरवा. मोहोर पूर्ण फुललेला असताना फवारणी शक्यतो टाळा, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात.

आई, आमसुलांच्या ग्रुपवर 'अंदाजाने मीठ' लिहू नकोस. किती किलो सालींना किती मीठ, रसाची पुटं किती, ऊन किती दिवस, हे लिहिलंस तरच दुसरीला करता येईल. लांबलचक व्हॉइस मेसेज कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही गं.

दोघांनीही सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स असं जाऊन 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे अनोळखी माणूस परस्पर ग्रुपात ओढणार नाही. अनुदानाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने 'एपीके' (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) फाईल आली तर उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरीही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन करा.

आणि बाबा, फवारणीनंतर आठ दिवसांनी त्याच मेसेजखाली त्याच मोहोराचा फोटो टाका. गुण आला नाही तर तेही लिहा.

तुमची,
लेक