द्राक्षवेलीच्या लाकडात शिरलेली बुरशी : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

द्राक्षाच्या रोगांचा विषय निघाला की बोलणे डाऊनी, भुरी आणि करप्यावर येऊन थांबते. ते रोग पानावर, घडावर दिसतात आणि त्यांना फवारणी आहे. हे पत्र वेलीचे लाकूड कुजवणाऱ्या बुरशांबद्दल आहे.

लॅसिओडिप्लोडियासारख्या या बुरशा छाटणीच्या जखमेतून आत जातात आणि वर्षानुवर्षे लाकूड खातात. एका हंगामात ओलांड्याचा (खोडावरून तारेवर आडव्या नेलेल्या फांदीचा) एक भाग फुटत नाही, पुढे दुसरा. शेतकरी पाणी वाढवतो, झिंक देतो, खोडकिडा शोधतो. ओलांडा आडवा कापला की पाचरीसारखा काळपट-तपकिरी डाग दिसतो. तोवर बुरशी अनेकदा खोडात उतरलेली असते, आणि तिथे पोहोचून तिचा नायनाट करील असे खात्रीचे औषध हाती नाही. फ्रान्समध्ये सोडियम आर्सेनाइट वापरत. ते माणसाला घातक म्हणून २००१ साली बंद झाले, तेव्हापासून तेथील बागायतदारही झगडतच आहेत.

आपली अडचण आणखी मोठी. आपली वेल वर्षातून दोनदा छाटली जाते : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला की बीजाणू उडून ताज्या कापांवर बसतात. वाळलेले ओलांडे आपण बांधावर रचून ठेवतो, आणि बुरशी त्याच लाकडावर वाढत राहते.

आणि कलमाचे काय? डॉगरिज या जातीचा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम करतात ते रोप) शेतात लावून ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर ओळखीच्या बागेतली काडी बांधायची, ही आपली रीत. त्या बागेचा माल पाहतात, काडीची जाडी पाहतात. तिच्या पोटातले लाकूड कोणी तपासत नाही. नव्या बागेत रोग पहिल्याच दिवशी येऊ शकतो तो असा.

केंद्राने २०२४ मध्ये स्वच्छ, म्हणजे रोगमुक्त, रोपांचा कार्यक्रम मंजूर केला. द्राक्षाचे केंद्र पुण्यात ठरले आहे, याचा आनंद आहे. पण त्याचा मुख्य भर विषाणूंवर आहे. मंत्रिमहोदय, लाकडातल्या बुरशांची तपासणीही त्यात यावी म्हणून आपण दिल्लीत आग्रह धरा. काडीसाठी तपासलेल्या मातृबागा राज्याने नाशिक, सांगली, सोलापुरात उभ्या कराव्यात.

फळपीक विमा हवामानाच्या नोंदींवर चालतो, त्यामुळे या रोगाने बाग गेली तर तिथून काहीच मिळत नाही. डागाखाली निरोगी लाकडापर्यंत खोड कापून नवी फूट वर घेतली तर बरीचशी झाडे वाचतात. मात्र उत्पन्न बुडते, आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्या काळासाठी मदतीची तरतूद हवी.

येत्या फळछाटणीआधी सहायक कृषी अधिकाऱ्यांनी छाटणी करणाऱ्या टोळ्यांना बांधावर जाऊन दोन गोष्टी दाखवाव्यात : जाड कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावणे आणि मेलेले लाकूड बागेबाहेर नेऊन नष्ट करणे. याला फार निधी लागणार नाही. आपला आदेश लागेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका