आधी तिथी बघ, मग खोली

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "समुद्रकाठच्या त्या एवढ्याशा मच्छीमार गावात दोन दिवस करायचं तरी काय?" मी "काही नाही" म्हटलं आणि तू हसलास. पुढचं सांगणार होते, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस. म्हणून पत्र. आता निमूट वाच.

तुझी सवय मला ठाऊक आहे. आधी खोली बघायची, तिच्या खिडकीतून पाणी दिसतं का ते बघायचं, आणि मग तारीख. अशा गावाला जायचं तर हे उलटं कर. आधी कॅलेंडरात तिथी बघ. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. भरती मोठी, आणि तितकीच ओहोटीही लांबवर जाणारी. अष्टमीच्या आसपास मात्र दोघांची ओढ काटकोनात पडते आणि पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या शनिवार-रविवारी गेलास तर खिडकीतून पाणी दोन्ही दिवस तिथल्या तिथेच दिसेल. उधाणाला गेलास तर सकाळी जिथे लाटा आपटत होत्या तिथे दुपारी चालत जाशील. अर्थात हेही सगळीकडे सारखं नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर हातभरही हलत नाही. पण बहुतेक किनारे या दोन टोकांच्या मधले.

आम्ही अशाच एका गावाला गेलो तेव्हा बाबांनी तिथीसोबत भरतीचं वेळापत्रकही काढून खिशात ठेवलं होतं आणि दर थोड्या वेळाने ते उघडून समुद्र वेळेवर चालला आहे का ते तपासत होते. मी हसत होते, पण त्या कागदाचा उपयोग झाला. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे शनिवारचा कार्यक्रम रविवारी त्याच वेळेला जमत नाही. तुझ्यासारख्या, दर गोष्टीला घड्याळ लावणाऱ्या माणसासाठी हे औषध आहे.

आता त्या शांततेबद्दल. सगळे म्हणतात, अशी गावं शांत असतात. भर दुपारी जाऊन बघितलं तर वाटतंही तसं. होड्या ओढून ठेवलेल्या, दारं लोटलेली, गल्लीत एखादं कुत्रं. पण ते गाव शांत नसतं रे, झोपलेलं असतं. अर्ध्याअधिक घरांची रात्र पाण्यावर गेलेली असते. अंधार पडला की समुद्रातले बारीक जीव खोलातून वर येतात, त्यांच्यामागे मासे येतात, आणि काळोखात माशांना जाळं दिसत नाही. म्हणून रात्रीची मेहनत. शिवाय वाऱ्याचंही गणित आहे. दुपारी जमीन पाण्यापेक्षा जास्त तापते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, तो खारा वारा. रात्री जमीन पाण्याआधी निवते आणि वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. शिडांच्या काळात होड्या पहाटेपूर्वीच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या. आता इंजिनं आहेत, वाऱ्याची वाट कोणी बघत नाही, तरी अंधारात निघायची सवय बरीचशी टिकून आहे.

तेव्हा दुपारी तूही झोप. आराम करायला म्हणून गेलेली पोरं नेमकी त्याच वेळी गाणी लावून किनाऱ्यावर ओरडत फिरतात, ते मला बघवत नाही. आपण विश्रांतीला जातो ते दुसऱ्या कोणाचं कामाचं ठिकाण असतं. होडीच्या कडेवर चढून फोटो काढणं म्हणजे कोणाच्या तरी कचेरीतल्या टेबलावर उभं राहणं.

पहाटे मात्र उठ. यात सूट नाही. सूर्योदयासाठी नव्हे, होड्या परतण्यासाठी. त्या सगळ्या एकदम येत नाहीत. आधी इंजिनाचा आवाज येतो, मग दिवा, मग पक्ष्यांचा थवा. ज्या होडीमागे पक्षी जास्त, तिच्यात माल जास्त, असं बाबांनी ठरवून टाकलं. दोनदा ते चुकलं, तरी मत बदललेलं नाही. टोपल्या उतरल्या की लगेच लिलाव सुरू होतो. तिथली घाई बघून भांडण चाललंय असं वाटेल. पण घाईला कारण आहे. ताज्या मासळीला वास जवळजवळ नसतो. आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो, तो ती मेल्यावर जंतू तिच्या अंगातल्या एका द्रव्याचं रूप बदलतात त्याचा. उन्हात हे फार लवकर होतं, बर्फात सावकाश. म्हणून दर मिनिटाला मालाचा ताजेपणा उतरतो आणि भावही उतरतो. बोली कधी दोन शब्दांत संपते, कधी नुसत्या मान हलवण्यावर. आपण बाजूला, पाण्याच्या वाटेत न येता उभं राहायचं. मध्येच "हा कोणता मासा?" विचारायचं नाही. टोपल्या रिकाम्या झाल्या की तीच माणसं हवं तितकं सांगतात.

सगळ्यात जास्त वेळ मी जाळी दुरुस्त करणाऱ्यांजवळ बसून काढला. वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला वजनं, म्हणजे जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. मासा डोकं घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. जाळ्याचा डोळा, म्हणजे गाठींमधली मोकळी जागा, केवढा ठेवायचा यावर सगळं अवलंबून. लहान मासा आरपार निघून जातो, फार मोठा डोकंच घालू शकत नाही. पूर्वी जाळी सुताची असायची. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवायची आणि प्रत्येक खेपेनंतर वाळवायची. १९३५ मध्ये नायलॉन तयार झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत जगभरची सुती जाळी गेली. ही कुजत नाहीत, हे सुख. पण समुद्रात तुटून राहिलेलं जाळंही कुजत नाही, कोणी ओढायला नसलं तरी मासे धरत राहतं. दुरुस्ती करणाऱ्या आजोबांचं यावरचं मत ऐकण्यासारखं होतं, मात्र ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

त्यांच्या हातात दोऱ्याने भरलेली चपटी सुई होती. ते फाटलेला भाग आधी कापून आणखी मोठा करायचे. मला कळेना. मग लक्षात आलं, भोकाच्या कडा नीट गाठींवर आल्याशिवाय नवे डोळे सरळ बसत नाहीत. तासभर बघितलं. कंटाळा आला नाही. तुला येईल कदाचित, मग उठून फिरायला जा.

फिरायचं ते ओहोटीला, आणि एक ऐक. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा ठोकताळा असा, की पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे खडकावर बसून "अजून कुठे चढतंय" म्हणेपर्यंत मधले दोन तास सुरू होतात आणि तेवढ्यात अर्धी भरती होऊन जाते. पाणी वळायच्या आत परत फीर. पोहायचं तर गावातल्यांना जागा विचारून. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा संथ आणि गडद दिसतो. नवख्याला तोच सुरक्षित वाटतो. खरं म्हणजे किनाऱ्यावर साचलेलं पाणी तिथूनच आत परत जात असतं. त्यात सापडलास तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत आधी त्या पट्ट्याबाहेर पडायचं. हे वाचताना तू डोळे फिरवलेस हे मला इथे दिसतंय.

राहिला प्रश्न पौर्णिमा की अमावस्या. उधाण दोन्हीला. पौर्णिमेला चांदणं सुंदर, पण मला विचारशील तर अमावस्या. दिवे लावून मासे जमवणाऱ्या होड्यांना चांदण्यात फार हाती लागत नाही, काळोखात त्या बाहेर असतात. किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिज फक्त साडेचार किलोमीटरवर असतं, आणि त्या रेषेवर दिव्यांची रांग लागते. नशीब असेल तर लाट फुटताना निळसर उजेड दिसतो. एकाच पेशीचे, मिलिमीटरभराचे जीव पाणी हललं की चमकतात. आम्हाला दिसलं नाही. बाबा पाय आपटून आपटून पाणी हलवत होते, तरी नाही.

सामान थोडं ने. टॉर्च, टोपी, ओले झाले तरी चालतील असे कपडे आणि घसरणार नाहीत अशा चपला. लॅपटॉप नेणार असशील तर जाऊच नकोस, घरीच बस.

पुढच्या अमावस्येजवळचा शनिवार बाबांनी हुडकून ठेवलाय, वेळापत्रकासकट. सुट्टी मिळते का ते बघ आणि बुधवारपर्यंत कळव. खोल्या कमी असतात तिकडे.

तुझी,
आई