‘गेमिंग’ हेडसेटच्या खोक्यावर कामाची माहिती छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत आणि ऑनलाइन सेलमध्ये ‘वायरलेस गेमिंग हेडसेट’ दीड हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत मांडलेले असतात. खोक्यांवरचे शब्द मात्र तेच ते: ‘७.१ सराउंड’, ‘५० मिमी ड्रायव्हर’, ‘लो लेटन्सी’. जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे त्यावरून कळत नाही. ते ग्राहकाला कळावे आणि कंपन्यांनी ते खोक्यावर छापावे, यासाठी हे पत्र.

पहिला प्रश्न एकच विचारावा: सोबत यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकात खोचायचा छोटा रिसीव्हर, आहे का? डोंगल नसेल तर तो हेडसेट बहुधा ब्लूटूथचाच आहे, मग नाव काहीही असो. साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोहोचायला बहुधा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या खेळात २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. मागून येणाऱ्याच्या पावलांचा आवाज येईपर्यंत गोळी लागलेली असते. २.४ गिगाहर्ट्झचा स्वतंत्र डोंगल हेच काम साधारण २० ते ४० मिलिसेकंदांत करतो. स्वस्त इअरबड्समधला ‘गेम मोड’ आवाजाचा आगाऊ साठा (बफर) कमी करून उशीर घटवतो खरा, पण गर्दीच्या जागी त्याच कारणाने आवाज तुटतो.

माइकचे दुखणे याहून मोठे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. नेहमीच्या ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते. स्टिरिओ बंद होतो, दोन्ही कानांत एकच आवाज येतो आणि त्याचे सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने, ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरते. मित्रांशी बोलायला लागताच खेळाचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा का होतो, याचे हे उत्तर. हेडसेट बिघडलेला नसतो. असा हेडसेट घरात असेल तर गेमच्या आणि डिस्कॉर्डच्या (खेळताना बोलायच्या ॲपच्या) सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. स्टिरिओ परत येतो. एलई ऑडिओ हे ब्लूटूथचे नवे तंत्र ही अडचण बरीच कमी करते, पण त्यासाठी हेडसेट आणि संगणक दोन्हीकडे त्याची सोय लागते.

म्हणून ३,००० रुपयांच्या आत वायरलेसचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच पैशात वायरचा हेडसेट घ्या. माइक आणि आवाज दोन्ही उजवे मिळतात. पीएस५ (प्लेस्टेशन ५) किंवा एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर खेळणाऱ्यांनी तर हे आधी लक्षात घ्यावे. त्यांच्या आताच्या कंट्रोलरला ३.५ मिमीचे सॉकेट असते. वायरचा हेडसेट त्यात खोचला की टीव्हीपासून सोफ्यापर्यंत वायर लागत नाही.

खरा वायरलेस साधारण ५,००० ते ९,००० रुपयांच्या टप्प्यात सुरू होतो. लॉजिटेकचा जी४३५ याच वर्गातला. वजन अवघे १६५ ग्रॅम, डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही, बॅटरी सुमारे १८ तास. पण त्याला तोंडासमोर येणारी माइकची दांडी नाही आणि वायर लावायची सोयही नाही. दांडी नसलेला माइक छताच्या पंख्याचा आवाज जास्त उचलतो. मुंबईच्या घरात पंखा बंद करून कोण खेळणार? या टप्प्यात दांडीचा माइक आणि ३.५ मिमीचा पर्याय असलेला हेडसेट शोधावा. कन्सोलही तपासा. पीएस५ ब्लूटूथ हेडसेट थेट जोडू देत नाही, तिथे डोंगलच हवा. एक्सबॉक्सला साधा पीसीचा डोंगल चालत नाही. खोक्यावर ‘एक्सबॉक्स’ असे वेगळे लिहिलेले असेल तरच घ्या.

‘डोंगल आहे तरी आवाज तुटतो’ ही तक्रार आपल्या शहरात फार आहे आणि बहुतेक वेळा दोष हेडसेटचा नसतो. एका मजल्यावर चार-सहा घरे, प्रत्येक घरात राउटर, आणि सगळे त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. त्यात डोंगल संगणकाच्या कॅबिनेटच्या मागे, पत्र्याआड आणि भिंतीला चिकटून. शेजारच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये हार्ड डिस्क असेल तर तिचा विद्युत गोंगाटही याच पट्ट्यात पडतो. उपाय स्वस्त आहे. एक मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन वायर घ्या, डोंगल टेबलावर हेडसेटच्या नजरेसमोर आणा, राउटर त्याच्यापासून निदान एक मीटर दूर ठेवा आणि फोन-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर न्या. महागडा हेडसेट परत करण्याआधी एवढे करून पाहावेच.

१०,००० ते १८,००० च्या टप्प्यात पैसे माइकला, डोक्यावरच्या मजबूत पट्टीला आणि मुख्यतः बॅटरीला जातात. हायपरएक्स क्लाउड अल्फा वायरलेसची बॅटरी कंपनी ३०० तास सांगते. रोज ४ तास खेळणाऱ्याचा २० तासांचा हेडसेट वर्षाला सुमारे ७३ वेळा पूर्ण चार्ज होतो, ३०० तासांचा जेमतेम ५ वेळा. लिथियम बॅटरी ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर उतरू लागते. वयाने उतरते ती वेगळीच. बॅटरी आतच बंद असलेल्या हेडसेटमध्ये जास्त तास म्हणजे जास्त आयुष्य. याच क्लाउड अल्फा वायरलेसला मात्र ब्लूटूथ नाही, हे घेणाऱ्याला आधी माहीत हवे.

२५,००० च्या पुढे स्टीलसिरीज आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेससारखे हेडसेट आहेत. त्यात दोन बॅटऱ्या मिळतात. एक वापरात, दुसरी सोबतच्या टेबलावर ठेवायच्या बेसमध्ये चार्ज होत असते. गोंगाट कमी करण्याची सोयही असते. ती एसीची घरघर आणि लोकलची धडधड चांगली दाबते, पण शेजारच्या खोलीतली मालिका किंवा लहान मुलाचे रडणे तेवढे दाबत नाही. आवाज १५ हजारांच्या हेडसेटच्या दुप्पट चांगला नसतो.

‘७.१’साठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नये. दोन्ही कानांना मिळून बहुधा दोनच ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असतात, बाकीचे काम सॉफ्टवेअरचे. विंडोजमध्ये ‘विंडोज सॉनिक’ फुकट आहे, पीएस५ मध्ये स्वतःचा थ्रीडी आवाज आहे. हेडसेटचे आणि गेमचे सराउंड एकाच वेळी चालू ठेवले तर दिशा कळायच्या ऐवजी हरवते.

किंमत कितीही असो, पावसाळा कोणाला सोडत नाही. कृत्रिम चामड्याच्या कानाच्या गाद्यांवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत आणि घामात विघटन पावतो; काळे पापुद्रे गालाला चिकटू लागतात. कापडी किंवा सहज निघणाऱ्या गाद्या घ्या, सुट्या गाद्या मिळतात का ते विचारा. खेळून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, ओलसर हेडसेट बॅगेत कोंबू नका, चार्जिंगचे तोंड ओले असताना वायर लावू नका.

घरी आणल्यावर परतीची मुदत संपण्याआधी तपासून घ्या. उशीर व्हिडिओ लावून तपासू नये. बरेच व्हिडिओ प्लेअर चित्रही तेवढेच उशिरा दाखवून आवाजाशी जुळवून घेतात, त्यामुळे सगळे ठीक वाटते. गेममध्ये बंदुकीचे बटण दाबा आणि ऐका. पंखा चालू ठेवून माइकवर अर्धा मिनिट बोला, रेकॉर्डिंग ऐका. डोंगल हरवला तर सुटा मिळेल का, हे लेखी विचारा. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

कंपन्यांकडे मागणी मोठी नाही. जोडणी कोणती, उशीर किती मिलिसेकंद, माइक चालू असताना आवाज स्टिरिओ राहतो का, कोणत्या कन्सोलवर चालतो, गाद्या आणि बॅटरी बदलता येतात का, एवढ्या पाच ओळी खोक्याच्या मागे मराठी-हिंदी-इंग्रजीत छापाव्यात. ग्राहक व्यवहार खात्याने त्या सक्तीच्या कराव्यात. तोपर्यंत ‘गेमिंग’ म्हणून नुसते ब्लूटूथ गळ्यात मारले गेले आणि दुकानदार दाद देत नसेल, तर बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक वाचक, ग्रँट रोड, मुंबई